आम्हाला कामावरून का काढले, हे सांगण्यापुरती तरी जागा द्या

प्रति,
नागपूर व परिसरातील उद्योगांचे संचालक, मनुष्यबळ विभागांचे प्रमुख, उमेदवारांची पडताळणी करणाऱ्या संस्था आणि बुटीबोरी, हिंगणा व मिहान येथील उद्योजकांचे प्रतिनिधी यांस,

विषय : पूर्वी सेवा संपुष्टात आलेल्या उमेदवारांना आपले म्हणणे मांडण्याची संधी देण्याबाबत.

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात बुटीबोरीच्या एका कारखान्याने मला स्टोअर व डिस्पॅच विभागात घेण्याचे ठरवले, ऑफर लेटर पाठवले, वैद्यकीय तपासणीही करून घेतली आणि रुजू होण्याच्या चार दिवस आधी एका ओळीच्या ई-मेलने ते सगळे मागे घेतले. त्या ओळीत कारण नव्हते. मी फोन केला तेव्हा तिथल्या मनुष्यबळ विभागातील अधिकारी (त्यांच्या आवाजात खरोखरच कळवळा होता) मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही खरं कशाला सांगून राहिले? पर्सनल रिझन लिहिलं असतं तर इतकं खोलात कोणी गेलंच नसतं."

हे पत्र मी त्या वाक्यामुळे लिहीत आहे. कोणाला घ्यावे आणि कोणाला घेऊ नये, हा तुमचा अधिकार मला मान्य आहे. पण खोटे लिहिले असते तर बरे झाले असते, असा सल्ला भरती करणाऱ्या माणसाकडूनच मिळत असेल, तर तुमच्या अर्जात तो प्रश्न नेमका कशासाठी असतो, हे तुम्हालाच विचारणे मला भाग आहे.

आधी माझी हकिगत सांगतो. तीत माझी चूकही येईल.

जून २०१४ ते फेब्रुवारी २०२४ अशी नऊ वर्षे आठ महिने मी नागपूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात नोकरी केली. स्टोअर असिस्टंट म्हणून लागलो आणि शेवटची चार वर्षे डिस्पॅच माझ्याकडे होते. गाडी ठरवणे, बिल व ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढावे लागणारे मुदतीचे बिल) काढणे, माल भरून घेणे, गेटपास आणि माल पोहोचल्याची सही-शिक्क्याची पोच परत येईपर्यंतचा पाठपुरावा हे माझे काम. फेब्रुवारी २०२४ मध्ये सहा लाख रुपयांचा माल घेऊन हैदराबादला निघालेली आमची एक गाडी पांढरकवड्याजवळ बंद पडली. ई-वे बिलाच्या मुदतीचा हिशेब तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे : दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे हैदराबादसाठी तीन दिवस. ती मुदत शनिवारी मध्यरात्री संपत होती. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, म्हणजे शनिवारी दुपारी चारपासून रविवारी सकाळी आठपर्यंत मला वेळ होता. पार्ट-बी, म्हणजे त्या बिलातला गाडीच्या तपशिलाचा भाग, आम्हीच भरत असल्यामुळे मुदत वाढवणे ही माझीच जबाबदारी होती. शनिवारी संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन आला की सुटा भाग मिळाला, उद्या गाडी निघेल. मी त्या वेळी भाचीच्या लग्नासाठी वर्ध्याला होतो. "करतो" म्हणालो आणि विसरलो. रविवारी तेलंगणाच्या हद्दीत गाडी अडवली गेली. मालावरचा १८ टक्के कर १ लाख ८ हजार, दंड त्याच्या दुप्पट, म्हणजे २ लाख १६ हजार रुपये.

ती चूक ड्रायव्हरची नव्हती, पोर्टलची नव्हती आणि लग्नाचीही नव्हती. ती माझी होती, आणि दोन वर्षांत कोणत्याही मुलाखतीत मी ती दुसऱ्यावर ढकललेली नाही.

सोमवारी मला केबिनमध्ये बोलावून तोंडी विचारण्यात आले. जे घडले ते मी सांगितले. गुरुवारी एका महिन्याच्या पगारासह पत्र हातात दिले. कारणे दाखवा नोटीस नाही, आरोपपत्र नाही, चौकशी नाही. पत्रात दंडाचा उल्लेखही नव्हता. "आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही" एवढाच मजकूर होता. दुर्लक्षामुळे मालकाच्या मालमत्तेचे नुकसान झाले म्हणून सेवा संपवली असेल, तर तेवढी रक्कम ग्रॅच्युइटीतून रोखून धरण्याची मुभा १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात होती. माझी ग्रॅच्युइटी पूर्ण मिळाली. त्याचा मी फार मोठा अर्थ काढत नाही. पण माझ्या जुन्या मालकांनी मला अप्रामाणिक मानले नव्हते, एवढे तरी त्यावरून दिसावे, असे मला वाटत आले आहे.

या दोन वर्षांत मी एकोणीस मुलाखती दिल्या. ही गोष्ट कशी सांगावी, हे मला शिकावे लागले. पहिल्या पाच-सहा ठिकाणी मी सगळे सविस्तर सांगत असे : पांढरकवडा, सुटा भाग, लग्न, केबिन. दहा मिनिटे जात आणि समोरचे गृहस्थ घड्याळाकडे पाहू लागत. माझे बोलणे बचावासारखे ऐकू येत होते, आणि खरे सांगायचे तर तो थोडासा बचावच होता. मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि विचारले की "टर्मिनेशन झाले" एवढेच सांगू लागलो. त्यानंतर जी शांतता पसरत असे, तिच्यात समोरच्याच्या मनात काय काय येऊन जात असेल, याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक असेल. शेवटी मिहानमध्ये लेखा विभागात काम करणाऱ्या एका मित्राने खापरीच्या मेट्रो स्थानकाबाहेर चहा पिता पिता माझ्याकडून चार वाक्ये लिहून घेतली. तेव्हापासून मी तीच म्हणतो :

"नऊ वर्षे आठ महिने काम केल्यानंतर कंपनीने माझी सेवा संपवली. एका ई-वे बिलाची मुदत वाढवायला मी विसरलो आणि कंपनीला २ लाख १६ हजारांचा दंड भरावा लागला. पैशाचा अपहार, मालातील तफावत किंवा शिस्तभंग असा कोणताही आरोप माझ्यावर नव्हता. आता रस्त्यावर असलेल्या प्रत्येक गाडीची मुदत मी रोज दुपारी चार वाजता तपासतो आणि वहीत तशी नोंद करतो."

हे म्हणायला अर्धे मिनिटही लागत नाही. ती वही खरी आहे. सध्या मी वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या (मालाच्या वाहतूक-पावत्या) करतो, पगार आधीच्या निम्म्याहून थोडा अधिक आहे, आणि दोन वर्षांत त्या ऑफिसातल्या एकाही गाडीची मुदत माझ्या हातून चुकलेली नाही. माझी तक्रार अशी, की ही चार वाक्ये पूर्ण ऐकून घेण्याची सोय तुमच्या भरतीच्या व्यवस्थेत जवळजवळ कोठेच नाही.

पहिली गोष्ट अर्जाची. "यापूर्वी आपणास कामावरून कमी करण्यात आले आहे काय? होय / नाही." बहुतेक ठिकाणी प्रश्न एवढाच असतो, खाली एक रेघसुद्धा नसते. ऑनलाइन अर्जात "होय"वर बोट ठेवले की लगेच पुढचे पान उघडते. कामगार कपात, कंत्राट संपणे, प्रोबेशननंतर कायम न करणे, कामातली एखादी चूक आणि सरळ सरळ चोरी, हे सगळे त्या एका "होय"मध्ये बसते. कायद्याने मात्र यांत पूर्वीपासून फरक केला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीसाठी एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई होती. गैरवर्तनाबद्दलच्या बडतर्फीचा मार्ग वेगळा, आणि त्यात आधी आरोप कळवून खुलासा घ्यावा लागे. कायदा जो फरक करतो तो तुमच्या अर्जाला का करता येऊ नये?

इथे मला माझ्या वडिलांची आठवण येते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये ते विणकाम खात्यात होते. मिल बंद पडली तेव्हा त्यांचीही नोकरी गेली, आणि हाल आमच्याही घरात कमी झाले नाहीत. परंतु नंतर ते जिथे जिथे काम मागायला गेले तिथे "मिल बंद झाली" एवढे तीन शब्द पुरत असत, कारण साऱ्या नागपूरला ते ठाऊक होते. माझ्या बाबतीत शहराला काहीच ठाऊक नाही. मी सांगेन तेवढेच तुम्हाला कळणार, आणि सांगायला जागा नाही.

दुसरी गोष्ट, हा प्रश्न विचारतो कोण? बहुधा भरती संस्थेतील एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा, फोनवर, दिवसभरातल्या तिसाव्या उमेदवाराला. त्यांचा दोष नाही. त्यांच्यापुढे भरायचा रकाना असतो. त्यात माझे उत्तर एका शब्दात जाते आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत माझा अर्ज पोहोचतच नाही. एकोणीस मुलाखतींचा आकडा मी वर दिला. फोनवरच संपलेली प्रकरणे मी मोजलेली नाहीत.

तिसरी गोष्ट पडताळणीची, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. पडताळणी करणारी संस्था जुन्या कंपनीला फोन करते किंवा छापील नमुना पाठवते. पदनाम, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि शेवटी तो ठरलेला प्रश्न : या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल काय? मग हिरवा, पिवळा किंवा लाल रंग लावून अहवाल तुमच्याकडे येतो. उमेदवाराला तो दिसत नाही. पडताळणीच्या संमतिपत्रावर सही मात्र उमेदवाराचीच असते. बुटीबोरीच्या त्या कारखान्याला मी मुलाखतीतच सर्व सांगितले होते आणि ते ऐकून, दंडाची रक्कम कागदावर टिपून घेऊनच त्यांनी मला ऑफर दिली होती. मग बिनसले कोठे? फोनवरच्या त्या अधिकाऱ्यांनी भिडेखातर मला अहवालातले शब्द वाचून दाखवले. कारणाच्या रकान्यात "आर्थिक गैरव्यवहार" असे लिहिले होते.

माझ्या जुन्या कंपनीतून कोणी "आर्थिक नुकसान" म्हटले असेल आणि लिहून घेणाऱ्याने ते आपल्या यादीतल्या जवळच्या शब्दात बसवले असेल, की कोणी खरोखरच तसे सांगितले असेल, हे कळायला मला मार्ग नाही. मी कोणावर हेतूचा आरोप करत नाही. पण एक शब्द बदलला आणि विसराळू माणूस चोर ठरला. ज्या कागदावर ही गोष्ट ठरली तो कागद मला दाखवला असता, तर सेवासमाप्तीचे पत्र, ग्रॅच्युइटीचा हिशेब आणि दंडाच्या आदेशाची प्रत मी त्याच दिवशी नेऊन दिली असती. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत किती महिने वर्गणी जमा झाली ते दिसते. माणूस कसा होता ते तिथे दिसत नाही. ते सांगण्याचे काम तुम्ही एका अनोळखी फोनवर सोपवले आहे.

चौथी गोष्ट मला निम्म्या मुलाखतींत तरी ऐकावी लागली : "अन्याय झाला होता तर कोर्टात का गेला नाहीत?" गेलो असतो, पण जुन्या कायद्यानुसार देखरेखीचे काम करणारा आणि महिन्याला दहा हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस "कामगार" ठरत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा अठरा हजार झाली आहे. माझा पगार एकतीस हजार होता. न्यायालय पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय होते ते पाहते, त्यामुळे दार पूर्ण बंद नाही, असे वकिलांनी सांगितले. पण तेवढे सिद्ध करायलाच काही वर्षे जातील, हेही त्यांनीच सांगितले. मला दोन मुली आहेत, त्यांतली मोठी तेव्हा दहावीला होती. आणि दुसरी बाजू तुम्हीही जाणता. माझ्या ओळखीचा एक मशीन ऑपरेटर न्यायालयात गेला. त्याला आता हिंगण्यात "केसवाला" म्हणतात आणि त्याचे काम त्या एका शब्दावर अडते. जो गेला नाही त्याने गुन्हा कबूल केला आणि जो गेला तो भांडखोर, असे असेल तर आम्ही नक्की काय करायला हवे होते?

पाचवी गोष्ट थोडक्यात. एकोणीसपैकी तेरा ठिकाणांहून मला नकारसुद्धा आला नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असे नाही. पंचवीस माणसांचा छोटा कारखाना चालवणाऱ्या मालकाला स्टोअरमध्ये चुकीचा माणूस परवडत नाही. खोटी बिले लावणारे, भंगाराच्या गाडीत चांगला माल घालून पाठवणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत, आणि तेही "गैरसमज झाला" असेच सांगत फिरतात. २०१९ मध्ये आमच्या स्टोअरसाठी हेल्पर घ्यायचे होते तेव्हा निवड करायला मीच बसलो होतो. उमरेडकडचा एक मुलगा आला होता. आधीची नोकरी का सोडली, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सोडली नाही साहेब, काढलं." मी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्या अर्जाच्या कोपऱ्यात "नको" असे लिहिले आणि पुढच्याला बोलावले. त्याला का काढले होते, हे मला आजही माहीत नाही. आज तुमच्याकडे मी जे मागत आहे ते त्या दिवशी मी त्याला दिले नव्हते, हे इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

आता माझ्या मागण्या.

अर्जातील "होय / नाही"च्या जागी कारणाचे वेगवेगळे पर्याय द्यावेत आणि त्याखाली उमेदवाराला किमान पाच ओळी लिहिता येतील एवढी जागा ठेवावी. पाच वर्षांपूर्वीची सेवासमाप्ती असेल, आणि त्यात अपहार, हिंसा किंवा लैंगिक छळ यांचा संबंध नसेल, तर ती विचारूच नये. केवळ या एका उत्तरावरून फोनवर उमेदवाराला वगळू नये; उत्तर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत उमेदवाराच्याच शब्दांत पोहोचावे.

पडताळणीच्या अहवालावरून कोणाला नाकारायचे असेल, तर त्यातील प्रतिकूल भाग आधी त्या उमेदवाराला दाखवावा आणि उत्तरासाठी सात दिवस द्यावेत. १९९३ मध्ये डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या प्रकरणात, आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्याने कामगाराची सेवा स्थायी आदेशांनुसार (कंपनीच्या सेवानियमांनुसार) आपोआप संपली, असे कंपनीचे म्हणणे होते. त्यावर, म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय माणसाची उपजीविका काढून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तो निकाल नोकरीत असलेल्या कामगाराबद्दल होता. खासगी कंपनीकडे अर्ज करणाऱ्या उमेदवाराबाबत तो तुमच्यावर बंधनकारक आहे, असा माझा दावा नाही. सात दिवस थांबायला तुम्हाला निकालाची गरज पडू नये, एवढीच अपेक्षा आहे. पडताळणी करणाऱ्या संस्थांना स्वतंत्रपणे विनंती, की जुन्या कंपनीने दिलेले कारण तिच्याच शब्दांत, सांगणाऱ्याचे पदनाम आणि तारीख यांसह नोंदवावे. आपल्या यादीतला तयार शब्द त्याला लावू नये.

तुमच्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी कोणाचा तरी जुना मालक होणार आहे, म्हणून ही मागणीही तुमच्याकडेच. कोणाची सेवा संपवाल तेव्हा पत्रात खरे कारण लिहा, आणि नंतर कोणी विचारले तर तेच सांगा. वेतन संहितेनुसार कामावरून काढलेल्या माणसाचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे आहे. सेवेचे प्रमाणपत्रही त्याच मुदतीत देण्याचा नियम तुम्ही आपणहून करावा. मला ते मिळायला अडीच महिने लागले, आणि त्या काळात दोन नोकऱ्या केवळ तेवढ्या कागदासाठी हातच्या गेल्या.

उद्योजक संघटनांना विनंती, की आपल्या सभासदांसाठी अर्जाचा आणि सेवासमाप्तीच्या पत्राचा एक सामायिक नमुना तयार करून बैठकीत मांडावा. नमुना करताना काढले गेलेल्या एकदोघांना समोर बसवून विचारलेत तर बरे होईल. मी यायला तयार आहे. वाडीचे ऑफिस रविवारी बंद असते.

या पत्राखाली मी नाव लिहिलेले नाही. ते लिहिले तर माझी जुनी कंपनी ओळखू येईल, आणि तिच्याविरुद्ध लोकांत काही बोलण्याचा माझा हेतू नाही. तुमच्यापैकी कोणी माझी मुलाखत घेतली असेल तर मी कोण, हे त्यांच्या लक्षात आले असेलच. बुटीबोरीच्या त्या कारखान्याकडे मी अहवालातील संबंधित पानाची प्रत आणि खुलासा देण्याची संधी लेखी मागितली आहे. माझे तीनही कागद त्या अर्जाला जोडले आहेत. उत्तराची वाट पाहत आहे.

आपला,
नऊ वर्षे आठ महिन्यांचा अनुभव असलेला एक स्टोअर व डिस्पॅच कर्मचारी
मानेवाडा, नागपूर